एका टेबलावरचं वैर

आमच्या घरात टेबल एकच. सागवानी, सहा माणसांचं, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतलेलं. त्याच्या एका अंगाला मी कार्डं करायची आणि दुसऱ्या अंगाला आम्ही तिघं जेवायचो. त्यावरून कधी शब्द झाला नव्हता. नवऱ्याच्या रक्तात साखर सापडली आणि मग रोज व्हायला लागला.

माझं काम साधं आहे. खोडरबरावर कटरने चित्र कोरायचं, ते शाईच्या पॅडवर दाबायचं आणि जाड कागदाच्या घडीवर ठसा उठवायचा. खेकडा, सुरमई, होडी, माड. एक खेकडा कोरायला अख्खी दुपार जाते. नांग्यांमधली जागा जरा जास्त कापली गेली की तो खेकडा राहत नाही, कोळी होतो. देवबागची एक होमस्टेवाली बाई पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला माझी कार्डं घ्यायची. नवरा या सगळ्याला पोरखेळ म्हणायचा, पण हसून म्हणायचा. पुढे हसणं गेलं आणि शब्द तेवढा राहिला.

तो हायस्कुलात विज्ञान शिकवतो. डॉक्टरांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की साखर वाढली आहे, रोज एक गोळी घ्या, चाला, भात कमी करा. आजारपणात माणूस नरम होतो असं मी ऐकलं होतं. हा घरातला मुख्याध्यापक झाला. दवाखान्यातून येताना अन्न तोलायचा वजनकाटा घेऊन आला, आणि रात्रंदिवस मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघायला लागला. पहिल्याच रविवारी साखरेचा डबा आणि गुळाची ढेप उचलून शेजारी देऊन आला. मला विचारलं नाही. उकड्या तांदळाची पेज गेली, ओट्सचा लगदा आला. बांगडा तव्यावरून कुकरमध्ये गेला. वाफवलेल्या बांगड्याचा वास दोन-दोन दिवस पडद्यांना चिकटून राहायचा. माड दारात आणि कढीत नारळ नाही! मी आरोंद्याची, खाडीकाठची. मला हे जेवण म्हणजे शिक्षा वाटायची.

त्याने स्वतःपुरतं केलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण तो माझ्या ताटातला भातही काट्यावर ठेवायला लागला.

"साखर तुमच्या रगतात आसा, माझ्या नाय," मी एकदा म्हटलं.

"आपण एक कुटुंब म्हणून आरोग्य जपायला हवं," तो म्हणाला. रागावला की तो मालवणी सोडतो आणि शाळेतली मराठी बोलतो. त्या वर्षी तो घरात जवळजवळ शाळेतलीच मराठी बोलत होता. मी मुद्दाम मालवणीतच उत्तरं द्यायची.

मुलगी कणकवलीला कॉलेजात. दर शनिवारी एसटीने घरी यायची, येताना वाटेतच फोन करून विचारायची, आज काय केलंस. एका शनिवारी तिने दुसऱ्यांदा भात मागितला आणि बापाने तिच्यासमोर काटा सरकवला. ती ताटावरून उठली. आत येऊन मला म्हणाली, "आये, हय माका धड जेवूक गावणा नाय. माका अभ्यास आसा, मी आता येवचंय नाय." पुढचे तीन शनिवार ती आली नाही. चौथ्या शनिवारी मी वाट बघणं सोडलं. माझ्या मनात त्याच्याविषयी जे काही धरलं गेलं, ते त्या महिन्यात धरलं गेलं.

मग तो टेबलाकडे वळला. "जेवणाच्या जागी रसायनं नकोत," म्हणाला आणि माझी शाईची पेटी जमिनीवर ठेवली. मी ती उचलून परत वर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. असे कितीतरी दिवस गेले. पेटी वर-खाली होत राहिली. हळूहळू त्याने टेबलाचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापला. तिथे वजनकाटा आला, मोड आलेल्या मुगाच्या बरण्या आल्या, रसासाठी नवा मिक्सर आला. मी कोपऱ्यात हात आखडून ठसे मारायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी देवबागच्या बाईंनी दीडशे कार्डं मागितली. मी ती पुरी केली आणि शेवटची सुकायला ओळीने मांडून ठेवली. सकाळी त्याने बीट आणि दुधी मिक्सरमध्ये घातले, झाकण नीट बसवलं नाही आणि बटण दाबलं. लाल रस माझ्या कार्डांवर आडवा पसरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याने आधी मिक्सरची वायर काढली, मग मिक्सर उचलून नीट पुसला, खालूनसुद्धा पुसला, आणि मग मला फडकं मागितलं. तोवर खेकड्यांच्या कडा फुटून गुलाबी डागांत विरघळल्या होत्या. आधी कार्डं उचलली असती तर निम्मी तरी वाचली असती.

"कार्डं पुन्हा होतील," तो म्हणाला. "इथे ठेवू नकोस असं सांगितलं होतं मी."

"तुमी आदी मिक्सर पुसलात," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

नऊ दिवसांत मी खराब झालेली सगळी कार्डं पुन्हा केली. अंगठा सुजला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. कार्डांच्या कपाटात, कागदांच्या गठ्ठ्यामागे, मी साखरेचा छोटा डबा आणून ठेवला आणि तो शाळेत गेला की गोड चहा करून प्यायची. एका दुपारी ताजे बांगडे घेतले, रव्यात घोळवून तळले आणि एकटीने खाल्ले. काटे चोखून खाल्ले. खिडक्या मुद्दाम बंद ठेवल्या, आल्या-आल्या त्याला वास भेटावा म्हणून. तो आला, दारातच थांबला, वास घेतला आणि सरळ ओट्स शिजवायला गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

सुट्टीत त्याने नवं खूळ घेतलं. दिवसातून एकदाच जेवायचं. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घ्यायचा आणि किनाऱ्याने लांब चालून यायचा. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला परत आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. सदरा घामाने चिंब. हात कापत होते. काहीतरी बोलायला गेला, "ते... वजन... तिकडचं ते..." आणि वजनकाट्याकडे नेलेला हात बरणीवर आपटला. डोळे माझ्याकडे होते, पण मला ओळखत होते की नाही, कळत नव्हतं.

मला लगेच कळलं. साखर एकदम खाली आली की काय होतं, हे त्यानेच मला दहा वेळा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. माझ्या हातात शाई लावलेला ठसा होता. मी तो समोरच्या कार्डावर ठेवला, दाबला आणि सरळ उचलला. मग शाईच्या पॅडचं झाकण लावलं, ते टक् करून बसेपर्यंत दाबलं. आणि मग उठले.

किती वेळ गेला असेल? एक ठसा आणि एक झाकण. पण ते मी घाबरून केलं नाही की गोंधळून केलं नाही. हात अगदी स्थिर होता. तो ठसा माझ्या चांगल्या ठशांपैकी एक आहे.

कपाटातला डबा काढला, चार चमचे साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्याच्या ओठाला लावला. त्याचे दात पेल्यावर वाजत होते. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं, अर्धं पोटात गेलं. मी दुसरा पेला केला. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची नजर जागेवर आली.

"ही साखर खंयची?" त्याने विचारलं. कितीतरी महिन्यांनी तो मालवणी बोलला होता.

"माझी."

शेजाऱ्याची रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याच्यावर भडकले. ही गोळी घेऊन उपाशी चालायला तुम्हाला कोणी सांगितलं, मास्तर ना तुम्ही? मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साखर किती वेळाने दिलीत?"

"लगेच," मी म्हटलं. नवरा भिंतीकडे बघत होता.

घरी आल्यावर तो त्याच खुर्चीत बसला. मी आत जायला निघाले तेव्हा म्हणाला, "तू ढाकण लायलंस. माका दिसत होता."

डॉक्टरांशी खोटं बोलता आलं, त्याच्याशी बोलता येईना. "व्हय," मी म्हटलं. "लायलंय."

"कित्याक?"

"रागान."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. माझीही तयारी होती, बिटाचा रस, मुलीचं ताट, सगळं जिभेवर तयार होतं. पण तो समोरची मुगाची बरणी बाजूला सरकवून म्हणाला, "वायच पेज कर." मी केली. प्रेमाने केली असं म्हणणार नाही. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आता तो डॉक्टरांनी लिहून दिलेलं खातो. वाटीभर भात, भाजी, थोड्या नारळाची कढी, तव्यावरचा मासा. साखर आटोक्यात आहे. मुलगी पुन्हा शनिवारी येते आणि मागेल तेवढं जेवते. वजनकाटा माळ्यावर गेला, आणि तो मी ठेवलेला नाही. शाळेत तो आहारावर पोरांना चार गोष्टी सांगतो आणि घरच्यांनी फार साथ दिली म्हणतो, असं दुसऱ्या एका मास्तरांच्या बायकोने मला कौतुकाने सांगितलं. मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. माझं वाढलेलं तो सगळं खातो, नावही ठेवत नाही. फक्त गोळीची वेळ झाली की उठतो, आत जाऊन स्वतःच्या हाताने पाणी भरून आणतो आणि माझ्यासमोर उभा राहून पितो. सुरुवातीला एकदा मी पेला भरून पुढे केला होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि दुसरा आणायला आत गेला.