नऊ मिनिटं

सादोक ज़र्रूक ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या एका ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत जुन्या कागदांच्या खोलीत एकतीस वर्षं बसला. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाला काही विचारलं नाही. साहेब सांगेल ते करायचं, बायको वाढेल ते खायचं. ऑफिसची टाचणीसुद्धा कधी घरी आली नाही. फायलींचे नंबर मात्र तोंडपाठ.

सप्टेंबरात त्याचा एकुलता एक मुलगा वाएल चोरून होडीत बसला. आमच्याकडे याला ‘हरगा’ म्हणतात. हरगा म्हणजे जाळणं. ओळखीचे कागद जाळायचे आणि इटलीकडे निघायचं. होडी पोचल्याचा निरोप काही आला नाही.

तेव्हापासून सादोक चोरी करायला लागला. दहाच्या कॉफीला सगळे खाली गेले की ऑफिसच्या इंटरनेटवर ‘हरगा’ टाकायचा आणि किनाऱ्याला लागलेल्या मृतांच्या कपड्यांचे फोटो बघायचा. प्रत्येक फोटोला नंबर. तो निळा शर्ट शोधत होता. आदल्या संध्याकाळी वाएलच्या अंगात तोच होता. घरी बघायची सोय नव्हती. बायकोला, मब्रूकाला, त्यानं सांगून ठेवलं होतं की पोरगा इटलीत आहे, फोन हरवलाय.

मग कंपनीनं आखातातून सल्लागार आणला. त्यानं माणसांचे स्वभाव मोजायला फॉर्म वाटले. ‘एकटं राहायला आवडतं का?’ सादोकनं लिहिलं, होय. ‘कामाच्या वेळी स्वतःसाठी इंटरनेट वापरता का?’ सगळ्यांनी लिहिलं, कधीच नाही. हिशेब खात्यातल्या नज्वानं तर ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर चपला बघता बघता लिहिलं. सादोकनं लिहिलं, रोज नऊ मिनिटं.

सल्लागारानं सादोकचा कॉम्प्युटर तपासला आणि स्वतःच घामाघूम झाला. त्याच्या आखाती अरबीत जाळणं म्हणजे जाळणंच.

“एकलकोंडा, अबोल माणूस. आणि एकशे चाळीस वेळा ‘जाळणं’! तेही तेलाच्या गोदामाला लागून!”

“अहो, सादोककाकांनी आजवर सिगरेट पेटवली नाही,” नज्वा म्हणाली, “गोदाम काय पेटवतायत!”

कुणी हसलं नाही. मॅनेजर मुख्तारसाहेब इथलेच, शब्द त्यांना कळला होता. पण त्यांचाही फॉर्म सल्लागाराच्या हातात होता.

“सादोककाका, तुम्हीच सांगा ना यांना,” नज्वा पुन्हा म्हणाली.

सांगायचं म्हणजे चारचौघांत पोराला मेलेला म्हणायचं. सादोकनं कॉम्प्युटर बंद केला.

कामावरून काढल्याचं पत्र नियमाप्रमाणे घरी आलं, ते मब्रूकाच्या हातात पडलं. ‘हरगा, एकशे चाळीस वेळा.’ अर्थ कळायला तिला सल्लागार लागला नाही.

“काय शोधत होतात?”

“निळा शर्ट.”

ती दारातच खाली बसली.

“निघताना तुमचा तपकिरी स्वेटर मीच त्याला वरून घातला. म्हटलं, पाण्यावर गार असतं.”

“तो जाणार हे तुला ठाऊक होतं?”

“स्वेटर कुठे गेला, एकदा तरी विचारायचंत. कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ लावलेलं मी.”

हिरवं ठिगळ. जानेवारीत सादोकनं ते पाहिलं होतं, आणि निळं नाही म्हणून फोटो पुढे सरकवला होता.

“दोनशे अकरा,” तो म्हणाला.