करडईच्या तेलातला गुलाबी रंग

निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं. हैदराबादेहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी जालन्यात आलो होतो आणि एका तेलाच्या व्यापाऱ्यानं गोदामामागची खोली मला प्रयोगशाळा म्हणून दिली होती. खेड्यांतल्या घाण्यांवरचं तेल मी तपासायचं आणि शुद्ध असेल तेवढंच त्यानं विकायचं, असा बेत. मला तर आयतंच संशोधन मिळालं. गावोगावच्या करडईच्या तेलाची लक्षणं मी वहीत उतरवू लागलो. वय पंचविशीचं, डोक्यात हवा आणि तोंड फटकळ.

तिळाचं तेल ओळखायची एक परीक्षा माझी फार लाडकी होती. तेलात तेजाब घालायचं, चिमूटभर साखर टाकायची, नळी खळाखळा हलवायची आणि थांबायचं. तिळाचा अंश असला तर खाली बसलेलं तेजाब गुलाबी होतं. त्यासाठी मी घरातली साखर सारखी पळवायचो. "तुमच्या नळ्यांना चहा पाजता की काय?" असं बायको वैतागून विचारायची.

एका फाल्गुनात पिंपळगाव रेणुकाईच्या तेल्याकडून नव्या करडईच्या तेलाचा पहिला डबा आला. नळी हलवली आणि खाली झकास गुलाबी रंग! चोर सापडल्याचा मला आनंदच झाला. आज ते कबूल करायला लाज वाटते. चिठ्ठीवर 'भेसळ' एवढा एकच शब्द लिहिला नि डबा आल्या गाडीनं परत पाठवला. गाडीवानानं ती बातमी गावभर केली.

आठवड्यानं तेली स्वतः माझ्या दारात उभा राहिला. माझ्या वडलांच्या वयाचा माणूस, धोतर धुळीनं माखलेलं.

"साहेब, भेसळ कशाची निघाली ते तर सांगा."

"तिळाची," मी ऐटीत म्हणालो.

तो म्हणाला, "तीळ म्हाग, करडई सस्ती. सस्त्यात म्हागाचं कोन घालंल? मी येडा हाय का? तुमच्या चिठ्ठीपायी सारं गाव दुसऱ्या घाण्यावर जाऊन राह्यलंय. माझा बैल चार दिस झाले नुसता उभा हाय. बापाच्या टायमापासून आमच्या तेलाला कोनी नाव ठेवलं न्हाई."

एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? पण रंग तर दिसला होता. दुसऱ्या दिवशी नळ्या, तेजाबाची बाटली नि साखरेची पुडी घेऊन मी त्याच्या गावी गेलो.

घाण्याशी बसून मी करडई, पोती, डबे, सगळ्याची चौकशी केली. काही हाती लागेना. शेवटी त्याची बायको सहज बोलून गेली, "हंगामाची पहिली घाणी तिळाची असती, रेणुकाईच्या दिव्यासाठी. मंग घाण्याचं उखळ पुसायचं न्हाई. देवीचं उरलेलं लोकाच्या तेलात जाऊ द्यायचं, परसाद म्हणून."

गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण उखळाबद्दल मी विचारलंच नव्हतं आणि प्रसादाला कुणी भेसळ म्हणेल हे तेल्याच्या मनातही आलं नव्हतं. चिठ्ठीत 'भेसळ'ऐवजी नुसतं 'तीळ' लिहिलं असतं, तर गाव तेल्याला सोडून मलाच हसलं असतं.

माझ्यासमोर त्यानं आधी तीळ गाळले आणि उखळ न पुसता करडईच्या तीन घाण्या काढल्या. पहिलीत रंग आला, दुसरीत जेमतेम, तिसरीत काहीच नाही.

माझ्या सांगण्यावरून रेणुकाईच्या देवळापुढं माणसं जमली तेव्हा माझे कान तापले होते. म्हणालो, "तेलात खोट नाही. तेल्याची तर बिलकुल नाही. चूक माझी आहे. तो गुलाबी रंग देवीच्या तिळाचा होता."

मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तो रंग आम्हाला दावा की." मी नळी दाखवली. तिनं ती उजेडात धरली, निरखून बघितली. "कुंकवावानी हाय," म्हणाली आणि उठली. "माझी दोन पायली करडई घरात पडून हाय. आणते."

तेली घाण्याकडं वळला. त्यानं बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली, पाठीवर थाप मारली नि म्हणाला, "चल, काम आलं." घाणा करकरू लागला तेव्हा मला रडू आलं.

पुढं दर फाल्गुनात त्या न पुसलेल्या उखळातलं तांब्याभर तेल आमच्या घरी येई. मी साखर पळवून ते तपासायचो आणि गुलाबी झालं की मगच भाकरीवर घ्यायचो.