माझा बूट

बाप बस चालवायचा. त्याचा आवाज असा खणखणीत की डेपोतले मेकॅनिकसुद्धा हातातले पाने टाकून उभे राहायचे. आणि पोटी आली ही दोन वर्षांची ठमी, अगदी गरीब गाय! पाळणाघरात कुणीही हात पुढे करून 'दे' म्हणावं, की ही हातातलं देऊन मोकळी. वर स्वतःच टाळ्या पिटणार! बिस्किटं जायची, बाहुली जायची, घरी येताना पोटात कावळे ओरडत असायचे.

आणि बोल कुणाला लावणार? खोड बापानंच लावलेली. रोज कामावरून आला की हात पसरायचा, "दे बघू बाबाला!" तिनं दिलं की सगळं घर टाळ्या वाजवायचं.

"आता निस्तरा तुम्हीच," बायको म्हणाली. "उद्या जग हिला नागवेल, तरी ही टाळ्याच वाजवेल."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून घेऊन तो भरदुपारी पाळणाघराच्या दारात हजर. आत साडेतीन वर्षांचा एक गुटगुटीत गडी, सगळे त्याला पैलवान म्हणायचे, ठमीसमोर हात पसरून उभा. "दे." चेंडू गेला. "दे." बादली गेली. पुन्हा टाळ्या! बापाचं डोकं सणकलं. तो गरजणार, तोच पाळणाघरातल्या मावशींनी त्याचा दंड धरला.

"दादा, आज तुम्ही ओरडाल हो. उद्या कोण ओरडणार?"

बाप दातओठ खात दारातच थांबला.

पैलवानाची भूक काही भागेना. त्यानं खाली वाकून ठमीच्या पायातला नवा लाल बूट ओढून काढला. झालं! ठमीनं दोन्ही हातांनी बूट पकडला.

"नाही! माझा!"

ओढाताणीत ती धपकन बसली, पण बूट सोडेल तर शपथ. पैलवानाला 'नाही' ऐकायची सवय कुठली? त्यानंच भोकाड पसरलं. मावशी त्याला उचलून घ्यायला धावल्या.

"शाब्बास गं माझी वाघीण!" बाप धावत आत आला. त्याचे डोळे भरून आले होते. गुडघ्यावर बसून त्यानं हात पुढे केला. "दे, बाबा घालतो."

"नाही!" ठमी म्हणाली आणि उलटा धरलेला बूट स्वतःच पायात कोंबू लागली.

बापानं हात मागे घेतला आणि तिचं होईपर्यंत तो शेजारी बसून राहिला.