कोऱ्या गाद्या

बदलापुरात उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात छातीपर्यंत चढलं होतं. ते ओसरल्यावर आईने दिवसभर चिखल उपसला, भिंती घासल्या. संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला एक सिंधी व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि काही न विचारता दोन कोऱ्या गाद्या उतरवून गेला.

सरकारी मदतीसाठी पंचनामा करायला तलाठी उगवले ते आठवड्याने. दारातूनच म्हणाले, "घर तर स्वच्छ आहे. गाद्याही नव्या दिसतायत. नुकसान कुठे झालंय?"

"मग घाणीत बसून तुमची वाट बघायची होती का?" आईने विचारलं. त्यांनी कागदावर 'नुकसान नाही' असं लिहिलं, आणि मदत आली नाही. जणू सरकारला फसवायलाच आम्ही घर धुतलं होतं. परक्या माणसाने दिलेली गादी आमच्याच विरुद्ध पुरावा ठरली, याचा संताप माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

पुढच्या पुरानंतर आईने आम्हाला झाडूला हातही लावू दिला नाही. तोच व्यापारी पुन्हा टेम्पो घेऊन दारात आला. घोट्यापर्यंत चिखलात उभ्या असलेल्या आईने त्याला हात जोडले.

"सेठ, अभी मत उतारो. पहले साब को चिखल देखने दो."