चाचांची माशी

"तिला बोलायला लावू नका. पाण्याकडे बघणारं माणूस बोलत नसतं," चाचा मागच्या मुलांना म्हणाले. व्हॅनमध्ये पाणी होतं ते डॅशबोर्डवरच्या स्टीलच्या पेल्यात. त्यात चाचांनी नुकतीच बांधलेली, मासे पकडायची पिसांची नकली माशी तरंगत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते.

"चाचा, आपका मच्छर उड़ेगा क्या?" मागून कोणीतरी विचारलं. चाचा हसले.

ते रत्नागिरीकडचे. मस्कतमध्ये आमची शाळेची व्हॅन चालवायचे. मदिनत सुलतान काबूसमध्ये शाळा सुटली की एकेक मूल उतरवत जायचं, आणि वादी अदाई येईपर्यंत मी एकटीच उरायची. मी शाळेत कमी बोलायची आणि घरी त्याहून कमी, कारण आईबाबा संध्याकाळी यायचे. चाचांचीही खोलीवर कोणी वाट बघत नसे. आमच्या इमारतीखाली व्हॅन सावलीत लावून ते स्टिअरिंगला गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा अडकवायचे आणि माशी बांधायला घ्यायचे.

तो शिकंजा त्यांच्या जुन्या इंग्रज साहेबांचा. साहेबांची गाडी चालवता चालवता चाचा त्यांच्याकडून माशी बांधायला शिकले होते. साहेब मायदेशी परतले तरी चाचा त्यांना दर वर्षी टपालाने बारा माश्या पाठवायचे. नेहमी एकच जात, कोचमन. फार वर्षांपूर्वी तिकडच्या राजघराण्याच्या बग्गीवानाने ती बसवली, असं साहेबांनी सांगितलेलं. "म्हणजे ड्रायव्हरची माशी हाय ही, बाय," चाचा म्हणायचे.

नखाएवढ्या गळावर मेण लावलेला रेशमी दोरा, दोन पांढरे पंख उभे, मोरपिसाच्या एका काडीचं अंग. शेवटी कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस गोल फिरवायचं. त्याचे ताठ केस पाण्यावर टेकले की माशी बुडत नाही. मोरपीस साहेबांच्या पाकिटातून यायचं. "मोर आमच्या गावचा, पीस विलायतेचं," असं म्हणत ते काडी दिव्यासारखी वर धरायचे. ज्याच्यासाठी ही माशी, तो तिकडच्या नदीतला ट्राउट मासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. "आमच्यात मासा जाळ्यात येतो. ह्याला एकेकट्याला मान देऊन बोलवायचा."

चाचांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून साहेबांची पत्रं मी वाचायची. हवापाण्याचं, गुडघ्याचं ते नुसतं ऐकून घेत. विचारायचं एकच असायचं, "तरंगली काय?" साहेबांनी ते दर वेळी लिहिलेलं असायचं. तरंगली.

त्या वर्षी जानेवारीत आलेल्या पत्रावर अक्षर साहेबांच्या बायकोचं, बाईसाहेबांचं होतं. मी ते मनात वाचलं.

"तरंगली काय?"

मी 'हो' अशी मान हलवली आणि पत्र दप्तरात घातलं. मान हलवणं मला नेहमीच सोपं जायचं. पुढचे दोन महिने चाचा खुशीत बांधत राहिले, आणि मी त्यांच्याकडे न बघता फक्त पेल्याकडे बघत राहिले.

मार्चमध्ये ते कायमचे गावी निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी माझ्या हातात दिली. आत बारा माश्या होत्या. "तू टपालात टाक. साहेबांचा मोसम सुरू होईल. यल्ला, जा आता, ऊन लागेल."

मी उतरले. व्हॅन सुरू झाली. मी खिडकीच्या काचेवर हात ठेवला, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

"चाचा, साहेब डिसेंबरातच गेले. तुमची एक माशी बाईसाहेबांनी त्यांच्या कोटाला लावली आणि तसंच त्यांना पुरलं. मी खोटी मान हलवली होती. ती पाण्यावर गेलीच नाही, चाचा."