स्कॉटलंडची शाळा आणि माझे साडेपाच तास

परवा दुपारी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात पायल आली, वडिलांसोबत. आधी मी ओळखलंच नाही... चौथीत होती तेव्हा पाहिलेली, आता सातवीत आहे.

बोलता बोलता मी तिच्या वडिलांना सांगितलं, रामटेककडची एक शाळा जपानच्या शाळेशी जोडायचं चाललंय, कनेक्शन मीच करून देणार आहे. पायल मधेच म्हणाली, "काका, उगाच नका बसवू जी पोट्ट्यांले. ते बाहेरचे लोक येत नाही."

वडील हसले. मला हसता आलं नाही.

मी दहावी पास. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मॅन्युअल वाचत, मशीन उघडत शिकलो. माझं काम काटेकोर असतं, आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही.

पायलची तेव्हाची शाळा मौद्याजवळच्या एका खेड्यातली, चौथीपर्यंतची. वानखेडे मॅडम तिथे मुख्याध्यापिका. दोन वर्षं मेल पाठवून पाठवून त्यांनी स्कॉटलंडमधली एक प्राथमिक शाळा मिळवली. इकडून चित्रं गेली, तिकडून चित्रं आली. मुलं एकमेकांना व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघणार होती ती मार्चच्या शेवटच्या दिवशी... मॅडमच्या नोकरीचाही तोच शेवटचा दिवस.

वेळ ठरली त्यांची सकाळी साडेनऊ. साडेपाच तास मिळवले की आपले दुपारचे तीन. फेब्रुवारीत तिथल्या बाईंबरोबर मी दोनदा ट्रायल घेतली होती, दोन्ही वेळा मिनिटाचाही फरक नाही. तरी मॅडमनी विचारलं, "भाऊ, एकदा मेल करून वेळ पक्की करून घ्यायची काय?"

मी म्हणालो, "मॅडम, घड्याळ काय दर महिन्याले बदलते काय?"

शाळा सकाळची होती. चौथीची मुलं घरी जाऊन, जेवून, त्या उन्हात अडीचला परत आली. अठराच्या अठरा. प्रत्येकाने घरची एक वस्तू दाखवायची होती. कुणी पाखडायचं सूप आणलं, कुणी कैऱ्या. पायलने टोपलीखाली झाकून कोंबडी आणली होती.

लॅपटॉप माझा, प्रोजेक्टर माझा, नेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल. बरोबर तीनला लिंक उघडली. पलीकडे कुणीच नाही... सव्वातीन झाले... साडेतीन. कोंबडी दोनदा सुटली, दोनदा धरून आणली. पहिल्यांदा मुलं खूप हसली. दुसऱ्यांदा नाही.

पावणेचारला मॅडम म्हणाल्या, "नसेल जमलं त्यांना." मी प्रोजेक्टर बंद केला. मग तिथेच त्यांचा निरोप समारंभ झाला. मलाही शाल-श्रीफळ दिलं. मॅडम बोलल्या छान, पण सगळा वेळ मुलांकडे बघायचं टाळत होत्या...

संध्याकाळी दुकानात येऊन लॅपटॉपवरचा शाळेचा मेल बंद करायला गेलो, तर त्यात स्कॉटलंडहून दुपारी पावणेतीनला आलेला मेल होता.

उन्हाळा आला की तिकडे देशभर घड्याळं एक तास पुढे करतात. त्याच आठवड्यातल्या रविवारी केली होती. त्यांचे साडेनऊ आता आपल्या दोनला वाजत होते. हे मला माहीत नव्हतं.

मेलसोबत फोटो होता. जमिनीवर ओळीने बसलेली मुलं... मोजली मी, बावीस. मधल्या मुलीच्या हातात पुठ्ठा, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात 'नमस्ते'. खाली लिहिलं होतं, आम्ही पाऊण तास वाट पाहिली, तुम्ही सगळे ठीक आहात ना?

शाल अजून माझ्या खांद्यावरच होती. 'नेटचा प्रॉब्लेम झाला' एवढं उत्तर मी शाळेच्या नावाने टाकलं. मॅडमना काही सांगितलं नाही. नव्या मुख्याध्यापकांना यात रस नव्हता, मग तिकडून येणारे मेलही थांबले. दोन वर्षांची मेहनत माझ्या एका तासाने संपली, आणि मी तीन वर्षं गप्प बसलो.

काल मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवतील.

"किती वेळ बसून होते जी ते लेकरं?"

"पाऊण तास."

"अन् मी आपल्या लेकरांना सांगितलं, त्यांनाच जमलं नसेल म्हणून..."

पायल बोलली नसती तर मी हे आजही लिहिलं नसतं. पोरी, तुझे आभार. त्या वेळच्या चौथीतल्या मुलांचे आईवडील हे वाचत असतील, तर ऐका. फोटो मी छापून दुकानात लावलाय, मुलांना घेऊन या, दाखवा. आणि आज घरी एवढं सांगा:

ती मुलं आली होती... वेळेवर आली होती.