आईची आडवी सीट

फणसवाडीच्या कोपऱ्यावरच्या तिकीट एजन्सीत बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायची त्यांची सवय. गिऱ्हाईक घाईत असलं की ते आणखी सावकाश वाचत.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला टोरंटोला माझ्या बहिणीकडे जायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, लांबचा प्रवास आडवं होऊनच करायचा. ऑफिसच्या विमानफेऱ्यांतून साठलेले माझे सगळे पॉइंट्स टाकले तर बिझनेस क्लासचं एक तिकीट निघत होतं. बुक करण्याआधी मी सहज मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मॅडम, यात बिझनेस फक्त दिल्लीपर्यंत आहे. पुढचे चौदा तास साधी सीट."

"पण पॉइंट्स तर बिझनेसचे घेतायत."

"एक टप्पा वरच्या क्लासचा असला की काही कंपन्या अख्ख्या प्रवासाला तोच भाव लावतात."

मी ते तिकीट बुक केलं नाही. या तिकिटात त्यांना काहीच सुटणार नव्हतं, तरी आठवडाभर रोज ते आईसाठी तारखा बघत राहिले. मग एका सकाळी फोन आला. "लांबचा टप्पा बिझनेस मिळतोय, दिल्लीपर्यंत साधी सीट. पॉइंट्स तेवढेच. चालेल?"

"दोन तास बसेल ती," मी म्हणाले.

आई पोचली त्या दिवशी मी एजन्सीवरून जात होते. समोरचं गिऱ्हाईक सोडून ते दारात आले.

"झोपल्या ना नीट?"

"जेवायला उठवावं लागलं म्हणे."

"बरं झालं," म्हणत ते पायरीवरच बसले.